फोमची दगडी भिंत : दगडाआधी गवंडीकाम

सजावटीसाठी फोमची दगडी भिंत बनवणारी बहुतेक हौशी मंडळी दगडाच्या पृष्ठभागावर भरपूर कष्ट घेतात. त्याचे खळगे, चरे आणि खडबडीतपणा हुबेहूब उतरावा म्हणून तासन्‌तास राबतात, आणि भिंत कशी रचली जाते याचा विचार मात्र रंगाचा डबा उघडल्यावर करतात. त्यामुळे एकेक दगड जवळून उत्तम दिसतो, पण चार पावले मागे जाऊन पाहिले की समोर भिंत नसून दगडांची चित्रे काढलेला एक सपाट पडदा उभा आहे हे लगेच कळते. माझ्या मते हा क्रम उलटा असायला हवा. हे दगड कोणीतरी उचलले, तोलले, एकावर एक बसवले आणि मग त्यांच्यामधल्या दर्जा, म्हणजे चुन्याने बुजवायच्या सांध्यांच्या फटी, भरल्या, अशा खुणा दिसल्या की पाहणारा भिंतीवर विश्वास ठेवतो. दगडाची कातडी थोडी उणी असली तरी मग त्याची तक्रार नसते.

खोट्या दगडाची ही हौस फोमच्या फार आधीची आहे. पॉम्पेईमध्ये इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकातील घरांत गिलाव्याला चिऱ्यांच्या आकाराचे उठाव देऊन त्यावर रंगीत संगमरवराचा भास निर्माण केलेल्या भिंती आजही पाहायला मिळतात. अठराव्या शतकात जॉर्ज वॉशिंग्टन यांनी व्हर्जिनियातील माउंट व्हर्नन या आपल्या लाकडी घरासाठी हीच युक्ती वापरली. पाइनच्या फळ्यांच्या कडा तिरप्या तासून त्यांना घडीव चिऱ्यांचा आकार दिला गेला आणि ओल्या रंगावर वाळू उडवून दगडाचा खरखरीतपणा आणला गेला. या दोन्ही उदाहरणांत आधी सांधे आखले गेले आणि पृष्ठभागाची सजावट नंतर आली, ही गोष्ट मला फार बोलकी वाटते. ओल्या रंगावर वाळू उडवण्याची पद्धत तर आजही फोमवर जशीच्या तशी चालते.

आता साहित्याकडे येतो. बाजारात ‘फोम’ या एकाच नावाखाली किमान तीन वेगळ्या वस्तू मिळतात आणि त्यांची गल्लत करणे महागात पडते. पहिली वस्तू म्हणजे दाणेदार थर्माकोल, अर्थात एक्स्पांडेड पॉलिस्टायरीन. यात पॉलिस्टायरीनचे मणी वाफेने फुगवून एकमेकांना चिकटवलेले असतात आणि आकारमानाचा सुमारे ९८ टक्के भाग निव्वळ हवेचा असतो. दुसरी वस्तू एक्स्ट्रूडेड पॉलिस्टायरीन. तिच्यात मणी नसतात, पोत एकसंध आणि बारीक असतो, घनता जास्त असते आणि उत्पादकानुसार ती निळ्या, गुलाबी किंवा हिरव्या रंगात मिळते. तिसरी वस्तू पॉलियुरेथेन. गाद्यांतला मऊ फोम हा तिचाच प्रकार, आणि डब्यातून फवारल्यावर फुगून कडक होणारा फोमही तिचाच. कोरीव भिंतीसाठी एक्स्ट्रूडेड पॉलिस्टायरीन सर्वांत चांगले, कारण त्यावर पेन्सिलीने दाबलेली रेघसुद्धा स्वच्छ उमटते. थर्माकोल मोठ्या, दुरून पाहायच्या भिंतींसाठी पुरेसा असतो, पण त्याचे दाणे झाकण्याची तयारी ठेवावी लागते. पॉलियुरेथेनचा मऊ फोम मी दगडी भिंतीसाठी वापरत नाही. फवाऱ्याचा फोम मात्र पाठीमागच्या फटी बुजवायला किंवा ढासळलेल्या दगडांचा ढीग उभा करायला उपयोगी पडतो.

फोमचे सगळे आकर्षण त्याच्या वजनात आहे आणि त्याची अडचणही तिथेच आहे. २.४ मीटर उंच, १.२ मीटर रुंद आणि ५ सेंटीमीटर जाड फोमच्या पत्र्याचे, म्हणजे सपाट तक्त्याचे, आकारमान सुमारे ०.१४४ घनमीटर होते. घनमीटरला २० किलो घनतेच्या थर्माकोलमध्ये त्याचे वजन तीन किलोच्याही आत राहते, तर तेवढीच बेसाल्टची लादी चारशे किलोच्या पुढे जाते. म्हणजे एकटा माणूस संपूर्ण भिंत काखेत मारून जिना चढू शकतो. परंतु हाच पत्रा उघड्यावर उभा केला की वारा त्याला शिडासारखा धरतो, आणि भिंत पडते ती वजनाने नव्हे, वजनाच्या अभावाने. म्हणून मी पाठीमागे लाकडी पट्ट्यांची चौकट करतो, तिला तिरपे आधार देतो आणि तळाशी वाळूच्या पिशव्या ठेवतो. पाहणाऱ्यासाठी सगळा भार वर दिसत असला तरी खरा भार तळाशीच हवा.

चाकू हातात घेण्यापूर्वी एकदा खऱ्या दगडी भिंतीसमोर वही घेऊन उभे राहावे. तिथे दगड न काढता फक्त सांधे काढावेत. असे रेखाटन करताना काही गोष्टी आपोआप ध्यानात येतात. उभ्या सांध्यावर उभा सांधा कधी येत नाही. खालच्या दोन दगडांमधल्या फटीवर वरच्या दगडाचे अंग येते, यालाच गवंडी सांधेमोड म्हणतात. चार दगडांचे कोपरे एकाच बिंदूत भेटून अधिकचे चिन्ह तयार होत नाही, बहुतेक सांधे तिहेरी असतात. दगड आडवे झोपलेले असतात, म्हणजे त्यांची लांब बाजू जमिनीला समांतर असते, कारण उभा केलेला लांबट दगड डळमळतो आणि कोणताही शहाणा गवंडी तसा दगड भिंतीच्या मध्यावर ठेवत नाही. अनगड दगडांच्या भिंतीत मोठ्या दगडांमधल्या बेढब जागा बारीक कपच्यांनी भरलेल्या असतात. हौशी फोमकामात या कपच्या जवळजवळ नेहमीच गायब असतात, आणि त्यामुळे दगड एकमेकांवर टेकलेले न वाटता हवेत तरंगल्यासारखे दिसतात.

दगडांचा आकार ठरवण्यासाठी मी वजनाचा हिशेब करतो, आणि हा हिशेब फोमच्या कामात विचित्र वाटला तरी तो फार उपयोगी आहे. साधारण दगडाची घनता घनमीटरला २,७०० किलो धरली, तर ३० सेंटीमीटर लांब, २० सेंटीमीटर रुंद आणि २० सेंटीमीटर उंच दगडाचे वजन बत्तीस किलोच्या आसपास भरते. असा दगड एक धडधाकट माणूस उचलून जागेवर बसवू शकतो. लांबी दुप्पट आणि रुंदी-उंची दीडपट केली की तोच दगड जवळपास दीडशे किलोंचा होतो, आणि मग पहारी, दोर आणि चार माणसे लागतात. एखाद्या झोपडीची किंवा बागेची भिंत करायची असेल तर तिचे बहुतांश दगड पहिल्या मापाच्या आसपास असावेत, तर किल्ल्याची तटबंदी करायची असेल तर दुसऱ्या मापाचे दगड शोभतात. दोन्ही मापे एकाच भिंतीत घ्यायची असतील तर मोठे दगड तळाला आणि कोपऱ्यांना जातात, वर चढेल तसे दगड लहान होत जातात. इतका मोठा दगड छातीच्या वर कोणी कशाला चढवेल, हा प्रश्न पाहणारा शब्दांत विचारत नाही, पण त्याच्या डोळ्याला तो पडतोच.

दारे-खिडक्या हा खोट्या भिंतीचा सर्वांत कच्चा भाग असतो. फोमच्या पत्र्यात चौकोनी भोक पाडले की खिडकी तयार होते, कारण फोमला वरचा भार पेलायचा नसतो; खऱ्या भिंतीत मात्र त्या भोकावरचे दगड कशावर तरी टेकलेले असतात. म्हणून खिडकीवर एक लांब अखंड दगडी तुळई दाखवावी, जी दोन्ही बाजूंना भिंतीत चांगली आत शिरलेली असेल, किंवा कमान करावी. कमानीच्या दगडांचे सांधे कमानीच्या मध्यबिंदूकडे रोखलेले असले पाहिजेत. त्यासाठी मध्यबिंदूवर खिळा ठोकून त्याला दोरा बांधावा आणि तो ताणून प्रत्येक सांधा आखावा. कमानीत दगडांची संख्या विषम ठेवली की माथ्यावर कळीचा दगड आपोआप मिळतो. कोपऱ्यांच्या बाबतीत लांब दगड आणि आखूड दगड आळीपाळीने यावेत, म्हणजे एका बाजूने लांब दिसणारा दगड दुसऱ्या बाजूने आपले आखूड तोंड दाखवतो. एवढे केले तरी भिंतीला जाडी आहे असा भास होतो, मग प्रत्यक्षात ती पाच सेंटीमीटरची का असेना.

आखणी झाल्यावर कोरणे हे तुलनेने सोपे काम आहे. मी पत्र्यावर मार्करने सांधे काढतो, लांब पात्याच्या धारदार कटरने त्या रेघेच्या दोन्ही बाजूंनी तिरपे काप घेतो आणि मधली चिंचोळी पट्टी उचलून टाकतो. थर्माकोलमध्ये पाते बोथट झाले की मणी कापले न जाता उपटले जातात, म्हणून पाते वारंवार मोडून नवी धार पुढे आणावी लागते. एक्स्ट्रूडेड पॉलिस्टायरीनमध्ये काप घेतल्यावर बोथट पेन्सिल किंवा बोरूसारखी काडी त्या फटीतून दाबत नेली की सांधा रुंद होतो आणि दगडांच्या कडा आपसूक गोल होतात. सोल्डरिंगच्या तापलेल्या टोकानेही सांधे पटकन वितळवता येतात. पॉलिस्टायरीन साधारण १०० अंश सेल्सिअसला मऊ पडू लागते, त्यामुळे फार तापलेले टोक लागत नाही. उलट अति तापले की सांधा हव्या त्याहून रुंद होतो आणि धूर वाढतो. ही कामे उघड्या हवेत किंवा चांगला वारा खेळणाऱ्या जागीच करावीत, कारण पॉलिस्टायरीनच्या वाफा छातीला आणि डोक्याला त्रास देतात. पॉलियुरेथेनवर तर तापलेली तार किंवा टोक कधीच लावू नये. त्याच्या धुरात हायड्रोजन सायनाइडसारखे विषारी वायू असू शकतात.

तापलेल्या तारेचा कटर अनेकांना फार आवडतो. निक्रोमच्या तारेतून वीज गेली की ती तापते आणि फोममधून अलगद सरकते, काप सुबक येतो, कचरा होत नाही. माझी तक्रार नेमकी त्या सुबकपणाबद्दल आहे. तारेने कापलेली बाजू वितळून गुळगुळीत होते आणि दगडाला असा गुळगुळीतपणा साजत नाही. म्हणून मी तारेचा उपयोग जाड ठोकळ्यातून दगडांचे ओबडधोबड तुकडे सुटे करण्यापुरता करतो. त्यानंतर प्रत्येक तुकड्याच्या दर्शनी बाजूच्या कपच्या चाकूने किंवा बोटांनी चिमटून उडवतो. फुटलेला फोम आणि फुटलेला दगड यांच्यात आश्चर्यकारक साम्य आहे, आणि ते साम्य कोणत्याही हत्याराने कापून मिळत नाही.

पत्र्यातच सांधे कोरावेत की सुटे दगड कापून पाठीवर चिकटवावेत, हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. कोरलेली भिंत लवकर होते आणि सरळ राहते, पण सगळे दगड एकाच पातळीत असल्यामुळे तिला सपाटपणाचा शाप असतो. चिकटवलेल्या भिंतीत हवा तेवढा उठाव मिळतो आणि वस्तूंच्या खोक्यांतून आलेले टाकाऊ थर्माकोलही वापरता येते, मात्र वेळ पुष्कळ जातो. मी दोन्हींचा मेळ घालतो. पत्र्यात सांधे कोरून घ्यायचे, काही दगड तळहाताने किंवा लाकडी ठोकळ्याने आत दाबायचे, आणि अधूनमधून एखादा सुटा दगड वर चिकटवून तो सेंटीमीटरभर पुढे काढायचा. खऱ्या भिंतीत दगडांची तोंडे एका ओळंब्यात असली तरी प्रत्येकाचे पोट थोडे वेगळे असते, आणि तेवढा फरक पुरतो.

चिकटवण्याबाबत एक सूचना महत्त्वाची आहे. पॉलिस्टायरीन ॲसिटोन, टोल्युइन, पेट्रोल अशा द्रावकांत विरघळते, त्यामुळे ज्या गोंदात हे द्रावक असतात तो गोंद फोम खाऊन टाकतो. लाकडासाठीचा पांढरा पाण्याचा गोंद सुरक्षित असतो, पण दोन फोमच्या सपाट बाजूंमध्ये हवा पोहोचत नसल्याने तो वाळायला फार वेळ घेतो. तोवर तुकडे टाचण्यांनी किंवा बांबूच्या काड्यांनी पक्के करून ठेवावेत. घाईच्या कामाला कमी तापमानाची ग्लू गन चालते. जास्त तापमानाच्या गनमधला गोंद फोममध्ये खड्डा पाडून आत शिरतो.

पृष्ठभागाचे काम मी मुद्दाम थोडक्यात सांगतो, कारण त्यावर आधीच भरपूर लक्ष दिले जाते. ॲल्युमिनियमच्या पातळ कागदाचा चुरगळलेला गोळा दाबत फिरवला की एक्स्ट्रूडेड फोमवर दगडाचा दाणा उमटतो. तारेचा ब्रश एकाच दिशेने ओढला की थर असलेल्या खडकाचे भाव येतात. खरा ओबड दगड घेऊन तो फोमवर ठिकठिकाणी दाबणे हा सगळ्यांत प्रामाणिक उपाय. मात्र प्रत्येक दगडावर तोच गोळा तितक्याच जोराने फिरवला तर सारी भिंत एका साच्यातून निघालेली वाटते. काही दगड जवळजवळ नितळ सोडावेत, काही फार खडबडीत करावेत, आणि एखाद्या दगडाला एखादी तडा दाखवावी. एखादीच, कारण तडा गेलेल्या दगडांनी भरलेली भिंत पडकी वाटते आणि ती पडकी दाखवायची असेल तर वरची कडही ढासळलेली हवी.

थर्माकोलचे दाणे झाकायला लेप लागतो. नुसती भिंतीची पुट्टी लावली तर पत्रा थोडा वाकताच तिला तडे जातात, म्हणून मी पुट्टीत पांढरा गोंद आणि पाण्यात मिसळणारा ॲक्रिलिक रंग घालतो. लेप घट्ट ताकाइतका सैल ठेवला की तो सांध्यांत साचून त्यांचा आकार बुजवत नाही. भिंत वारंवार हलवायची असेल तर गोंदात बुडवलेले मलमलीचे पातळ कापड किंवा टिश्यू पेपर दगडांवर बसवावा. तो सुकल्यावर फोमला कवच मिळते आणि कोपरे ठेचले जात नाहीत. बारीक चाळलेली वाळू ओल्या लेपावर उडवायची ती याच टप्प्यावर. संपूर्ण भिंतीवर वाळू उडवण्यापेक्षा ती दर्जांमध्ये आणि काही मोजक्या दगडांवर उडवली, तर चुना-वाळूचा सांधा आणि दगड यांच्या पोतातला फरक ठळक होतो.

रंगाच्या बाबतीत माझे दोन हट्ट आहेत. पहिला असा की काळा आणि पांढरा मिसळून केलेला करडा रंग दगडाला देऊ नये. तो निर्जीव आणि थोडा निळसर दिसतो. निळा आणि तांबूस तपकिरी एकत्र करून, त्यात पांढरा घालून केलेला करडा रंग जिवंत वाटतो, आणि दोहोंचे प्रमाण बदलत गेले की एकाच भांड्यातून उबदार आणि थंड अशा चार-पाच छटा मिळतात. त्या छटा भिंतीवर विखरून द्याव्यात, शेजारी शेजारी सारख्या येऊ देऊ नयेत. दुसरा हट्ट दर्जांबद्दलचा आहे. जवळजवळ प्रत्येक जण दर्जा काळ्या रंगवतो, कारण चित्रात दगडांची बाह्यरेषा काळी असते. पण खऱ्या भिंतीत चुन्याची दर्ज बहुधा दगडाहून फिकी असते. ती काळी दिसते ती केवळ सावलीमुळे किंवा दगड चुन्याशिवाय रचलेले असल्यामुळे. सांधा पुरेसा खोल कोरला असेल तर प्रकाश ती सावली फुकट देतो, आणि मग दर्ज फिकट ठेवूनही भिंत ठसठशीत दिसते. बारीक उठावाच्या भिंतीला तेवढी खोली नसते, तेव्हा सांध्याच्या वरच्या कडेखाली गडद तपकिरी रेघ द्यावी. संपूर्ण सांधा काळा करण्याची गरज तेव्हाही नसते.

क्रम साधारण असा. आधी मध्यम छटेचा एक हात, जो सांध्यांच्या तळापर्यंत पोहोचेल. मग स्पंजाने एकेका दगडाला वेगळी छटा. त्यानंतर पुष्कळ पाणी घातलेला गडद तपकिरी रंग सर्वत्र सोडायचा आणि तो खळग्यांत उतरला की वरचा ओल्या फडक्याने टिपून घ्यायचा. शेवटी जवळजवळ कोरडा कुंचला फिकट रंगात बुडवून, कागदावर पुसून, वरून खाली अलगद फिरवायचा, म्हणजे फक्त उंचवट्यांच्या वरच्या कडा उजळतात. द्रावक असलेला स्प्रे पेंट यांपैकी कोणत्याच टप्प्यावर थेट फोमवर मारू नये, तो फोमला वितळवून खड्डे पाडतो. काही जण याच खड्ड्यांचा उपयोग सच्छिद्र दगड दाखवायला मुद्दाम करतात. परिणाम चांगला येतो हे मान्य, पण त्या वाफांपुढे ॲल्युमिनियमचा गोळा मला बरा वाटतो.

जुनेपणा दाखवायचा तर पाणी कुठून वाहते याचा आधी विचार करावा. खिडकीच्या उंबऱ्याच्या दोन्ही टोकांखाली पावसाचे काळसर ओघळ असतात. जमिनीलगतच्या वीतभर-दीड वीत भागावर चिखलाचे शिंतोडे उडून तो मातकट झालेला असतो. शेवाळ सावलीत, ओल धरणाऱ्या सांध्यांत आणि बाहेर आलेल्या दगडांच्या माथ्यावर वाढते, उन्हात तापणाऱ्या दगडाच्या पोटावर वाढत नाही. ज्या कोपऱ्यावरून माणसे वळतात तिथे कमरेच्या उंचीला दगड हातांनी गुळगुळीत झालेला असतो. हिरवा रंग सगळीकडे सारखा शिंपडला की तो शेवाळ वाटत नाही, भिंतीवर सांडलेला हिरवा रंग वाटतो.

उठाव किती ठेवायचा हे प्रकाश आणि अंतर ठरवतात. समोरून पडणारा प्रकाश सर्व सावल्या मारतो आणि खोल कोरलेली भिंतही सपाट दिसते; तोच दिवा बाजूला नेऊन भिंतीच्या अंगाला घासून जाईल असा लावला की सेंटीमीटरभर उठावसुद्धा भरगच्च भासतो. दिवा खालून असेल तर कोरड्या कुंचल्याने वरच्या कडा उजळणे चुकीचे ठरते, तेव्हा दिव्याची जागा रंग सुरू करण्यापूर्वी ठरलेली असावी. दुरून पाहायच्या भिंतीत बारीक पोत वाया जातो, तिथे फक्त सांधे आणि छटा पोहोचतात. अंतराचाच आणखी एक खेळ म्हणजे वर जाताना दगडांचे माप क्रमाने लहान करत नेणे, ज्यामुळे भिंत आहे त्याहून उंच वाटते. कॅलिफोर्नियात १९५५ साली उघडलेल्या डिस्नेलँडमधील ७७ फूट उंचीच्या किल्ल्यात हीच क्लृप्ती वापरलेली आहे. घरगुती सजावटीतही ती चालते, फक्त भिंतीच्या माथ्याशेजारी खऱ्या मापाची एखादी वस्तू ठेवू नये. काम कितपत जमले हे तपासायला मी भिंतीचे छायाचित्र काढून ते कृष्णधवल करून पाहतो. रंग निघून गेल्यावरही दगड वेगवेगळे दिसले तर छटांचे काम झाले, आणि सगळी भिंत एकच करडा डाग दिसली तर काही दगड गडद आणि काही फिके करायला हवेत.

दोन पत्रे जोडताना येणारी सरळ उभी रेघ हा फोमच्या भिंतीचा हमखास पकडला जाणारा दोष आहे. त्यावर उपाय असा की पत्र्याची कड सरळ न ठेवता ती दगडांच्या सांध्यांप्रमाणे दातेरी कापावी, म्हणजे एका पत्र्याचे दगड दुसऱ्याच्या खाचांत जाऊन बसतात आणि जोड दर्जेमध्ये लपतो. कोपऱ्यावर पत्रे ४५ अंशांत कापून जोडावेत आणि सांध्यांच्या आडव्या रेघा कोपरा वळून पुढे जशाच्या तशा चालू ठेवाव्यात. तिथे थराची उंची बदलली तर कोपऱ्याचा दगड दोन भिंतींत दोन वेगळ्या उंचीचा होतो. पाठीच्या चौकटीला फोम स्क्रूने बसवायचा असेल तर स्क्रूखाली रुंद वॉशर द्यावा, नाहीतर स्क्रूचे डोके फोममधून आरपार निघून येते. वॉशर बसलेली जागा थोडी खोल ठेवून ती लेपाने बुजवली की दिसत नाही.

आगीबद्दल स्पष्टच लिहायला हवे. पॉलिस्टायरीन पेट घेते, वितळते आणि जळते थेंब खाली टाकते. त्याचा धूर काळा आणि दाट असतो. वरून दिलेला पाण्याचा रंग किंवा पुट्टीचा पातळ थर त्याला अग्निरोधक करत नाही. त्यामुळे फोमच्या भिंतीत उघडी ज्योत, मेणबत्ती किंवा तापणारा हॅलोजन दिवा बसवू नये. मशालीचा भास हवा असेल तर एलईडी वापरावा, आणि त्याचीही जोडणी फोमला टेकू देऊ नये. सार्वजनिक सभागृहात सजावट करायची असेल तर तिथले अग्निसुरक्षेचे नियम आधी विचारून घ्यावेत, कारण काही ठिकाणी ज्वालारोधक दर्जाचाच फोम चालतो. भिंत बाहेर पडायच्या वाटेसमोर किंवा जिन्यात कधीही उभी करू नये.

पॉलिस्टायरीन निसर्गात कुजत नाही. त्याचे फक्त लहान लहान तुकडे होतात आणि ते वाऱ्या-पाण्याबरोबर सर्वत्र जातात. म्हणूनच अनेक ठिकाणी थर्माकोलच्या सजावटीवर निर्बंध किंवा बंदी आहे, आणि काम हाती घेण्याआधी आपल्या भागातला नियम पाहणे आवश्यक आहे. एका दिवसासाठी नवा फोम विकत घेऊन दुसऱ्या दिवशी तो फेकणे मला पटत नाही. एका दिवसाचेच काम असेल तर पन्हळी पुठ्ठ्यावर कागदाच्या लगद्याचे दगड करावेत. अंड्यांचे कागदी ट्रे फाडून, भिजवून, चपटे करून चिकटवले की त्यांचा पोत दगडाला सुरेख जुळतो आणि सांधेमोडीचे सगळे नियम तिथेही तसेच लागू पडतात. फोम वापरायचाच तर वस्तूंच्या वेष्टनातून आलेला वापरावा आणि भिंत पुन्हा पुन्हा उभी करता येईल अशी बांधावी. कापताना उडणारे दाणे स्थिर विजेमुळे कपड्यांना आणि भिंतींना चिकटतात, ते बाहेर जाऊ नयेत म्हणून खाली चादर अंथरून, फोमवर पाण्याचा हलका फवारा मारत काम करावे आणि सर्व चुरा गोळा करून पिशवीत बंद करावा. हा चुरा गोंदात मिसळून पुढच्या भिंतीच्या कपच्या करायला चालतो.

ठेवणीच्या वेळी पत्रे दर्शनी बाजू एकमेकींकडे करून, मधे जुने कापड घालून, उभे ठेवावेत; आडवे रचले तर खालच्या भिंतीचे पुढे आलेले दगड चेपतात. उन्हात ठेवलेला उघडा फोम पिवळा पडून ठिसूळ होतो, त्यामुळे पाठीलाही रंगाचा एक हात दिलेला असावा. प्रत्येक पत्र्याच्या मागे त्याचा क्रमांक, वरची बाजू दाखवणारा बाण आणि शेजारच्या पत्र्याचा क्रमांक लिहून ठेवावा. वापरलेल्या रंगांच्या छटा लहान बाटलीत भरून चौकटीलाच बांधून ठेवल्या, तर पुढच्या वेळी टवके उडालेल्या जागा आणि स्क्रूची भोके जुळत्या रंगाने बुजवता येतात.